हौसाक्कांच्या डाव्या हाताचा डॉक्टर

अन्याय झाला तो गडमुडशिंगीच्या हौसाक्कांवर. कधी झाला तेही सांगते. वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. त्या वेळी कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या खिडकीतून त्यांच्या सुनेच्या, सुरेखाच्या, हातात डिस्चार्ज कार्ड पडलं. कार्डावर गोळ्यांची नावं होती, जेवणात मीठ कमी करा असं होतं आणि सगळ्यात खाली एक ओळ होती: 'फिजिओथेरपी करणे.' कुणाकडं, किती दिवस, कशासाठी, हात परत येणार का, नाही आला तर पुढं काय, यातलं एक अक्षर नव्हतं. खिडकीतला माणूस म्हणाला, "झालं. न्या आता." गिरणीतनं दळण न्यायला सांगतात, तसं.

या अंकाच्या संपादकांनी मला 'कामातले गमतीदार अनुभव' लिहायला सांगितलं आहे. मी गमतीदार लिहीत नाही. मी पत्रकं लिहिते. अठराव्या वर्षापासून हेच लिहिते आहे आणि पत्रकाचे तीन नियम मला पाठ आहेत. पहिल्या ओळीत अन्याय कुणावर, दुसरीत कधी, शेवटच्या ओळीत मागणी. मधल्या जागेत काय वाट्टेल ते. तेव्हा या मधल्या जागेत जे घडलं त्यात तुम्हाला गंमत वाटली तर ती तुमची जबाबदारी.

मी दिव्यांगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेत कार्यकर्ती आहे. वय सत्तावीस. आमचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत आहे. काम काय, असं आई अजून विचारते. काम असं की लोकांना कुठल्या खिडकीत जायचं ते सांगायचं, तिथं आपण स्वतः त्यांच्यासोबत जायचं, ती खिडकी बंद असली की भांडायचं आणि भांडून झालं की पत्रक काढायचं. नऊ वर्षं हे केल्यावर माझा असा समज झाला होता की कोल्हापुरातली एकूण एक खिडकी मला ठाऊक आहे. हौसाक्कांच्या डाव्या हातानं तो समज मोडला.

हौसाक्का पंचावन्नच्या. उंच, आवाज असा की मळ्याच्या ह्या टोकावरनं त्या टोकाला फोन लागत नाही तिथं त्या लागतात. त्यांच्या अंगावरनं वारं गेलं, म्हणजे अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली. (बरी राहिली, असं सुरेखा म्हणते. तिच्या म्हणण्यात थोडी तक्रार आहे.) डावा पाय काठीच्या आधारानं उचलायला लागला, पण डावा हात लोंबकळत राहिला आणि हळूहळू कोपरात, मनगटात, बोटांत आखडायला लागला. मूठ मिटलेली. उघडायची तर उजव्या हातानं एकेक बोट सोडवावं लागायचं.

आणि घरात म्हैस. नाव चंद्री. ही चंद्री हौसाक्कांच्या हाताशिवाय कुणाला धार काढू द्यायची नाही. सुरेखा बसली की पान्हा चोरायची. म्हणजे दूध कासेत असतं, पण सोडत नाही. हौसाक्कांचा मुलगा प्रकाश फाउंड्रीत कामाला, तो बसला की लाथ. शेवटी हौसाक्का काठी टेकत येऊन चंद्रीच्या तोंडाशी उभ्या राहायच्या, शिव्या द्यायच्या, तेव्हा कुठं सुरेखाला अर्धी चरवी मिळायची. आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हा हौसाक्का खुर्चीत बसायच्या आत म्हणाल्या, "पोरी, मला सर्टिफिकेट नको, खुर्ची नको, काय नको. ह्यो हात मला परत पायजे. म्हस माझी वाट बघत्या."

मी त्यांना माझ्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडं नेलं. चांगला पोरगा. त्यानं व्यायाम सुरू केले आणि आठ दिवसांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, हात घट्ट होत चाललाय. नुसत्या व्यायामानं माझ्या आवाक्यात येणार नाही. यांना पीएमआरचा डॉक्टर दाखवा. आणि लवकर. झटक्यानंतरचे पहिले काही महिनेच जास्त मोलाचे असतात."

"पीएमआर म्हणजे?" मी विचारलं. नऊ वर्षं या कामात, आणि मी विचारलं.

तर तुम्हालाही सांगून ठेवते. हे एमबीबीएसच्या पुढं शिकलेले पूर्ण डॉक्टर असतात. फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन असं त्या शाखेचं नाव. हाडाचा डॉक्टर हाड जोडतो, मेंदूचा डॉक्टर मेंदू सांभाळतो, आणि दोघंही म्हणतात, आमचं काम झालं. माणूस मात्र तसाच अर्धा घरी येतो. त्या अर्ध्या माणसाचा पुढचा डॉक्टर हा. आखडलेला स्नायू औषधानं, इंजेक्शननं सैल करायचा, हाताला पट्टी की पायाला आधाराचा कॅलिपर ते ठरवायचं, फिजिओथेरपिस्टनं कुठले व्यायाम घ्यायचे आणि कुठले नाहीत ते लिहून द्यायचं, आणि सगळ्यांना एका ओळीत उभं करायचं. अर्धांग, पाठीचा कणा, तुटलेला पाय, जन्मापासून आखडलेलं मूल, सगळं यांच्याकडं. इतकं कामाचं माणूस, आणि रस्त्यावर विचारलं तर कुणाला माहीत नाही.

चुकले. माहीत नाही असं कुणी म्हणालंच नाही. तोच तर घोळ.

आपल्याकडं पावण्यानं पत्ता विचारला आणि आपण 'माहीत न्हाय' म्हटलं, तर तो पावण्याचा अपमान आणि आपल्या गल्लीची नाचक्की. त्यामुळं जो तो हात वर करून दिशा दाखवतो, आणि दाखवतो तीही छातीठोक. औषधाच्या दुकानात मी विचारलं, "पीएमआरचे डॉक्टर कुठं बसतात?" दुकानदारानं क्षणाचाही विचार केला नाही. "ह्या बोळातनं सरळ जावा. उजव्या हाताला तीन मजली बिल्डिंग. वरच्या मजल्यावर."

लिफ्ट बंद होती. अर्धांगाच्या बाईला तीन जिने चढवायला आम्हाला पाऊण तास लागला. मागनं सुरेखा, पुढं मी, मध्ये हौसाक्का प्रत्येक पायरीला दुकानदाराच्या घराण्याचा उद्धार करत. वर पोचलो तर दाताचा दवाखाना. आता चढून आलोच आहोत, म्हणून मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तोंड उघडा." हौसाक्कांनी उघडलं. दाढ काढावी लागेल, असं निघालं.

"आनि ह्यो हात?" हौसाक्कांनी विचारलं.

"हातासाठी ना, खाली जावा, रंकाळ्याच्या बाजूला एक हॉल हाय," डॉक्टर म्हणाले. त्यांनाही 'माहीत नाही' म्हणायची लाज.

तो हॉल म्हणजे गरम गाद्यांचं दुकान. वीसेक म्हातारी माणसं गाद्यांवर उताणी पडली होती आणि टाय घातलेला एक तरुण माइकवरून विचारत होता, "बरं वाटतंय का?" सगळे झोपल्याझोपल्या म्हणत होते, "व्हय!" आणि टाळ्या वाजवत होते. हौसाक्कांना एका हातानं टाळी येईना. तरुण म्हणाला, "मनातल्या मनात वाजवा आज्जी." हौसाक्कांनी त्याला मनातल्या मनात जे वाजवलं, ते इथं छापता येणार नाही.

पण तिसरी जागा मी गमतीनं सांगू शकत नाही. गाद्यांवरच्याच एका म्हाताऱ्यानं वस्तादांचं नाव सांगितलं. तालमीतले जुने वस्ताद, निखळलेले खांदे बसवण्यात मोठं नाव. तालमीत बायकांना आत घेत नाहीत, म्हणून त्यांनी दारात खुर्ची मांडली, एक पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवला आणि हौसाक्कांचा डावा हात दोन्ही हातांत धरून ओढला. हौसाक्का ओरडल्या. मी आजवर त्यांना शिव्या देताना ऐकलं होतं, ओरडताना नाही. वस्ताद म्हणाले, "नस मोकळी झाली. असंच हुतंय." मी तिथं उभी होते. फाइल हातात घेऊन उभी होते. खिडकीतल्या माणसांशी तासतासभर भांडणारी मी, त्या वयस्क माणसाच्या खात्रीपुढं एक शब्द बोलले नाही. त्या दिवसापासून हौसाक्कांचा खांदा दुखायला लागला.

डॉक्टर मिळाले ते साध्या वाटेनं. आमचे एक सभासद पुण्याला कृत्रिम पाय बसवून आले होते. पाय कसा हवा, हे त्यांना कुणी लिहून दिलं होतं, एवढंच मी विचारलं. त्यांनी खिशातला कागद काढला. खाली सही, शिक्का आणि शिक्क्यात तीच तीन इंग्रजी अक्षरं. मी तिथूनच फोन लावला.

"तुम्ही पीएमआरचे डॉक्टर का?"

"हो," पलीकडून बाईंचा आवाज आला.

"नक्की?"

"पदवी दाखवू का?"

मी म्हटलं, माफ करा, आम्हाला आजवर एक दंतवैद्य आणि एक गादीवाला भेटलाय. त्या हसल्या. डॉ. तांबोळी. दोन आठवड्यांनी, श्रावणातल्या रविवारी, त्या आईला घेऊन नृसिंहवाडीला दर्शनाला येणार होत्या. आई वाडीत थांबतील, आणि त्या भाड्याच्या गाडीनं गडमुडशिंगीला येतील. दुपारी तीन ते सहा. पेशंट आठ, त्याहून जास्त नाही. एकच अट घातली त्यांनी: "कार्यक्रम वगैरे काही नको हं."

"छे," मी म्हटलं. "मला स्वतःलाच चीड आहे त्याची."

मग मी पत्रक काढलं. सवय. मथळा: 'हा डॉक्टर कुणाला माहीत का नाही?' अकरा मागण्या. खाली वेळ आणि ठिकाण, म्हणजे गडमुडशिंगीच्या तालीम मंडळाचा हॉल, जो मंडळाचे अध्यक्ष बापू यांनी मोठ्या मनानं दिला होता. मागण्यांनी इतकी जागा खाल्ली की डॉक्टरांचं पूर्ण नाव बसेना. मी नुसतं 'डॉ. एस. तांबोळी' असं छापलं. बायकांची नावं पुसली जातात म्हणून मी आजवर किती पत्रकं काढली असतील! आणि पुसलं कुणी? मी, अकरावी मागणी बसवायला.

रविवारी अडीचला मी पोचले तर वेशीवर फ्लेक्स. 'कोल्हापूरच्या पावन भूमीत हार्दिक स्वागत!' फोटो डॉक्टरांचा, म्हणजे इंटरनेटवरून उतरवलेला निळ्या डोळ्यांचा एक गोरा माणूस, गळ्यात स्टेथोस्कोप, हाताची घडी. त्याच्याखाली मंडळाची सगळी पोरं गॉगल लावून.

"बापू, हे काय?" मी विचारलं.

"काय न्हाय ओ ताई, सादंच केलंय," बापू म्हणाले. "हलगी, फेटा, शाल, नारळ. पुण्याचा डॉक्टर आपल्या गावात येतोय आनि आपन त्येला मोकळ्या डोक्यानं पाठवायचा? गावाची काय इज्जत राह्यली?"

"पेशंट तपासायला वेळच तीन तास आहे."

"तपासू दे की. आदी सत्कार, मग तपासनी. पेशंटबी घेतल्यात आमी कार्यक्रमात. आक्कांच्या हस्ते श्रीफळ हाय."

बरोबर तीनला गाडी आली. पुढच्या दारातून ड्रायव्हर उतरले. खंडागळे काका. साठीचे, पांढराशुभ्र सफारी, सोनेरी काडीचा चष्मा, केस मागं फिरवलेले. मॅडमचं दार उघडायला ते गाडीला वळसा घालून निघाले आणि तेवढ्यात हलगी कडाडली. चार पोरांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं. फेटा डोक्यावर. गळ्यात हार.

"अहो, मी..." खंडागळे काका म्हणाले.

"लाजू नका डॉक्टर!" बापू ओरडले, आणि मिरवणूक हॉलकडं निघाली.

डॉ. तांबोळी आपल्या हातानं दार उघडून उतरल्या. पस्तिशीच्या, खांद्याला पिशवी, पायांत स्पोर्ट्स शूज. एक पोरगा त्यांना म्हणाला, "सिस्टर, तुमी बायकांत बसा." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी माइक हिसकावून घ्यायला निघाले. मनात पत्रकाचा मथळासुद्धा तयार झाला होता. डॉक्टरांनी माझं मनगट धरलं.

"थांबा. हे किती वेळ चालेल?"

"बापूंचं प्रास्ताविकच अर्धा तास. मग सरपंच, डेअरी, सोसायटी, दोन माजी... दोन तास सहज."

"आणि पेशंट?"

"मागं व्यायामशाळेत."

"मग चालू दे की," डॉक्टर म्हणाल्या. "दोन तास मला कुणी हात लावणार नाही. असा निवांतपणा मला माझ्या ओपीडीत मिळत नाही."

हे मी आयुष्यात विसरणार नाही. पुढं स्टेजवर एका ड्रायव्हरचा सत्कार चालू होता आणि मागं, डंबेल्स आणि वजनाच्या तव्यांमध्ये, त्या सत्काराच्या मूळ मालकीणबाई जमिनीवर मांडी घालून माणसं तपासत होत्या. पुढून माइकवर 'थोर वैद्यकतज्ज्ञ' ऐकू यायचं, आणि मागं त्या एका पोराला विचारायच्या, "शाळेत बाथरूमला कुणी नेतं तुला?" खोटं चाललं होतं, मला दिसत होतं, आणि मी गप्प होते. पत्रकवाल्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही. मी मुकाट्यानं त्या सांगतील ते लिहून घेत होते.

पावणेपाचला त्यांनी वर पाहिलं. "सात झाले. आठवा पेशंट कुठं आहे?"

आठवा पेशंट स्टेजवर होता. बापूंनी हौसाक्कांना सुरुवातीलाच वर बसवलं होतं, खंडागळे काकांच्या डाव्या बाजूला, नारळ मांडीवर. ज्या बाईसाठी हा डॉक्टर शोधला, तीच एकटी डॉक्टरपासून लांब, ड्रायव्हरशेजारी अडकली होती. मी सुरेखाला पाठवलं. ती परत आली. "बापूभावजी म्हनत्यात, श्रीफळ शेवटाला हाय. प्रमुख पावण्यांच्या भाषनानंतर."

"भाषण? खंडागळे काका भाषण करणार?"

करत होते. बिचारे माइक धरून उभे होते. फेटा चष्म्यावर आला होता. नंतर मी विचार केला तर कळलं, तो माणूस एक शब्द खोटा बोलला नव्हता. ते म्हणाले, "मी बोलणारा माणूस नाही. पण चाळीस वर्षांचा अनुभव सांगतो. चढावर जोर लावू नये. गिअर बदलावा. गरम झालं की थांबावं. दर सकाळी पाणी बघावं. आणि आवाज वेगळा यायला लागला, तर पुढं रेटू नये." टाळ्या. पहिल्या रांगेत एक पेन्शनर वहीत लिहून घेत होते. त्यांनी शेजारच्याला विचारलं, "पानी उपाशीपोटी का?"

मग बापूंनी पुकारलं, "आता रुग्णांच्या वतीनं, आक्कांच्या हस्ते!"

सुरेखा पुन्हा स्टेजपाशी धावली. हौसाक्का काठी तिच्याकडं देऊन उभ्या राहिल्या. उजव्या हातानं नारळ दिला. डावा हात छातीशी मिटलेला. हलगीवाल्यानं हलगीची काठी उचलली होती, पण हौसाक्कांनी माइक धरला आणि तो थांबला. त्या हातातला माइक सोडवून घ्यायची हिंमत गडमुडशिंगीत कुणाची नाही.

"डॉक्टर," हौसाक्का म्हणाल्या, "नारळ घेतला न्हवं? आता सांगा. माझा ह्यो हात कवा चालंल?"

मागच्या दारात मी आणि डॉक्टर येऊन उभ्या राहिलो होतो. खंडागळे काकांनी हौसाक्कांच्या हाताकडं पाहिलं. मग दोन्ही हातांनी फेटा उतरवला आणि नारळाशेजारी ठेवला.

"आक्का, मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी डॉक्टर नाही. मी गाडी चालवतो. डॉक्टर त्या, मागं उभ्या आहेत त्या."

बापूंचं तोंड उघडंच राहिलं. "आवो, मग आदी का न्हाय सांगिटलं?"

"सांगत होतो. हलगी वाजत होती."

कुणीतरी हसलं, मग सगळेच. बापूंनी सावरायला एक मिनिट घेतलं, जास्त नाही. ते अध्यक्ष आहेत. "काय हरकत न्हाय! मॅडमचा बी सत्कार हुईल! दुसरा फेटा आना रं! हलगी!"

"बापू," हौसाक्का माइकवरूनच म्हणाल्या, "हलगीला हात लागला तर तुज्या अध्यक्षपनाची हलगी करीन. दोन म्हैनं मी गावं पालथी घालतोय. दाताच्या डॉक्टरनं सांगिटलं, गादीवाल्यानं सांगिटलं, वस्तादानं सांगिटलं. सगळ्यास्नी सगळं ठावं. माहीत न्हाय म्हनणारा आज ह्यो पयला माणूस भेटला. त्येच्या डॉक्टरकडं मी जातो." (आमच्याकडं बायका जोरात असल्या की 'मी जातो' म्हणतात. हौसाक्का कायमच जोरात असतात.)

सव्वापाच झाले होते. डॉक्टर स्टेजच्या पायरीशी आल्या. त्यांनी नाडी पाहिली नाही, कार्ड मागितलं नाही. विचारलं, "आक्का, तुम्हाला काय करायचंय?"

हौसाक्का गोंधळल्या. दोन महिन्यांत सगळ्यांनी काय झालं ते विचारलं होतं. काय करायचंय, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"धार काढायची हाय," त्या म्हणाल्या, आणि आवाज एकदम खाली आला. "म्हशीची."

"चला मग. म्हैस दाखवा."

गोठा हॉलच्या मागच्याच गल्लीत. अर्धा गाव मागं आला. चंद्रीनं एवढी माणसं बघून नाक फुरफुरलं. बापूंनी गुपचूप डॉक्टरांच्या गळ्यात हार घातलाच होता. चंद्रीनं मान लांब करून त्यातली झेंडूची फुलं खाल्ली. डॉक्टरांनी खाऊ दिली. त्या हौसाक्कांचा हात बघत होत्या. कोपर किती उघडतं, मनगट किती, बोटं ओढल्यावर किती वेगानं मिटतात. मग त्यांनी हात म्हशीच्या पोटावर ठेवायला सांगितला. हौसाक्कांनी उजव्या हातानं डावा उचलून ठेवला. चंद्री थरथरली आणि स्थिर झाली. त्या उबेवर, थोड्या वेळानं, मिटलेल्या मुठीतला अंगठा जरा सुटला. अगदी जरा. सुरेखानं तोंडावर पदर घेतला.

मग डॉक्टरांचा हात खांद्याशी गेला आणि हौसाक्का कळवळल्या.

"हा खांदा कुणी ओढला?"

वस्तादांचं नाव सगळ्यांच्या तोंडावर होतं.

"माझ्यासमोर ओढला," मी म्हटलं. "मी थांबवलं नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, रागावल्या नाहीत. "लुळा हात कधी ओढायचा नसतो. सांधा सैल असतो, आणखी सुटतो. आता आधी हे दुखणं थांबवायला हवं, मग बोटं. म्हणजे महिनाभर मागं गेलो आपण." एवढंच. त्यांनी रागवायला हवं होतं.

त्यांनी गोठ्यातल्या बाजेवर बसून लिहिलं. खांद्याला आधाराची पट्टी. आखडलेल्या स्नायूंसाठी इंजेक्शन, त्याला पुण्याला यावं लागेल. रात्री बोटं उघडी ठेवणारी पट्टी. फिजिओथेरपिस्टसाठी वेगळा कागद, त्यात एक ओळ होती: 'दिवसातून दोनदा म्हशीजवळ.' हौसाक्कांनी विचारलं, "पयल्यागत हुईल?"

"पहिल्यासारखा नाही होणार," डॉक्टर म्हणाल्या. "अंगठा आणि दोन बोटं आली तर धार निघेल. येतील का, ते मला आज माहीत नाही. तीन महिन्यांनी सांगते."

"दोघंबी एकाच गाडीतनं आल्यात," हौसाक्का म्हणाल्या. "कळतंय."

सहाला गाडी सुटली. खंडागळे काकांनी फेटा बापूंना परत दिला. शाल मात्र ठेवली.

आता आश्विन चालू आहे. इंजेक्शन झालं, पट्टी आहे, खांदा अजून रात्री ठणकतो आणि ठणकला की मला त्या तालमीचं दार आठवतं. हौसाक्का उजव्या हातानं धार काढतात, डावा हात चरवीच्या काठावर ठेवून. मागच्या आठवड्यात मी गेले होते. त्यांनी मला बोलावून बसवलं, डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं सडाला लावली आणि चंद्रीला अशी काही शिवी दिली की रेडकूही दचकलं. एक धार निघाली. एकच, वाकडी, थेट माझ्या चपलेवर.

"बगितलंस?" हौसाक्का म्हणाल्या. "लिही आता पत्रक."

हे ते पत्रक. मागणी सरकारकडं नाही, ते वेगळं लिहीन. मागणी तुमच्याकडं आहे, हा अंक हातात धरलेल्या माणसाकडं. तुमच्या घरातलं कुणी झटक्यानंतर, अपघातानंतर दवाखान्यातून घरी येणार असेल, तर त्या खिडकीत उभं राहून विचारा, पीएमआरचा डॉक्टर कोण आणि कुठं. उत्तर कागदावर घ्या. मिळाल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका. आणि उद्या रस्त्यात एखादी सून तुम्हाला विचारेल, हा डॉक्टर कुठं भेटंल. तुम्हाला ठाऊक नसेल, तर 'माहीत नाही' म्हणा. तोंडानं म्हणा, मोठ्यानं म्हणा. बोट वर करून दिशा दाखवू नका. तुम्ही दाखवाल त्या दिशेला एक बाई बंद लिफ्टशेजारचे तीन जिने चढते.